केफिर म्हणजे परदेशी दही नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत केफिर या आंबवलेल्या दुधाच्या पेयाची कृती देताना ‘हे परदेशी दहीच’ असं म्हटलं आहे आणि बरणी घट्ट झाकायला सांगितलं आहे. वाचता वाचता माझी नजर स्वयंपाकघराच्या आढ्याकडे गेली. तिथला डाग अजून निघालेला नाही.

मागच्या वैशाखात पुतणीने पुण्याहून केफिरचे दाणे आणले. दिसायला फुलकोबीच्या तुऱ्यांसारखे, हाताला रबरासारखे. मी ते गाईच्या दुधात टाकले आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीचं फिरकीचं झाकण आवळलं. पारा तेव्हा 45 अंशांवर. दुपारी झाकण उडालं, दूध आढ्याला लागलं आणि ओसरीवरून सासूबाई ओरडल्या, ‘‘काऊन वं, दुधाले भूत लागलं का?’’

भूत नव्हे, यीस्ट, म्हणजे आंबवणारी सूक्ष्म बुरशी. मी विज्ञानाची शिक्षिका. लॅक्टोबॅसिलाय हे जिवाणू दुधातल्या लॅक्टोज या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात, हे वाक्य आठवीच्या किती तुकड्यांना पाठ करायला लावलं असेल! केफिरमध्ये ते अर्धंच आहे. तिथल्या बऱ्याच यीस्टना लॅक्टोज पचतच नाही. जिवाणू ते फोडतात, तेव्हा सुटणाऱ्या साध्या साखरांवर त्यांचं भागतं. काही तर लॅक्टिक आम्लही खातात. त्यामुळे दूध जिवाणूंनाच सोसवणार नाही इतकं आंबट व्हायला वेळ लागतो. शिवाय यीस्टकडून जिवाणूंना अमिनो आम्लं आणि ‘ब’ जीवनसत्त्वं मिळतात. दोघांचं बिऱ्हाड तो दाणा. त्याचा चिकट गर, केफिरान, जिवाणूच तयार करतात. कॉकेशस डोंगरातल्या लोकांनी हे दाणे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना दिले, आपण विरजण मागतो तसेच.

दह्यातही देवाणघेवाण असते, पण ती जिवाणू-जिवाणूंत. यीस्ट तिथे आगंतुक. उन्हाळ्यात दोन दिवसांच्या ताकावर बुडबुडे येतात, दारूसारखा वास मारतो, तो बहुधा त्याचाच उद्योग. म्हणून तर सासूबाई दह्याचं गाडगं धुऊन चुलीवर पालथं घालून तापवायच्या. मी तरुणपणी याला सोवळं समजून हसले होते. चूक माझी होती.

तर यीस्ट आलं की कार्बन डायऑक्साइड आला. त्याला वाट हवी. तोंडाला फडकं बांधावं किंवा झाकण सैल ठेवावं, बरणी काठोकाठ भरू नये. केफिरला 20 ते 25 अंश मानवतात. आमच्याकडे मे महिन्यात ते रात्रीही मिळत नाहीत, म्हणून मी बरणी माठाजवळ ओल्या पोत्यात ठेवते आणि लवकर गाळते.

आणखी एक. यीस्ट थोडा अल्कोहोलही करतं. प्रमाण अगदी कमी, पण असतं. शेजारच्या माळकरी काकांनी ‘चालंल का?’ विचारलं तेव्हा मी हे सांगितलं. त्यांनी हात जोडले आणि ताक मागितलं. तुमच्या कृतीत याचा उल्लेखच नाही.

कृपया पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी. आमच्या बचत गटातल्या दोघींनी ते कात्रण कापून ठेवलं आहे, आणि दोघींच्याही बरण्या काचेच्या आहेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. आर्वी, जि. वर्धा