‘पिला, डॉक?’ : फिलिपिन्समधल्या दवाओहून आई-बाबांना

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर छातीतल्या गाठीचं विचारलं तर आई म्हणाली, “दुखत नाही गं, बघू दिवाळीनंतर,” आणि विषय मिटवला. मला रात्रभर झोप नाही. म्हणून हे पत्र.

गेल्या आठवड्यात सर्जरीच्या ओपीडीत एक बाई आल्या. बाजारात सुकी मासळी विकतात, मिठाने बोटांना चिरा पडलेल्या. डाव्या स्तनात गाठ, वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी. कधीपासून, विचारलं तर दीड वर्ष. आधी अंग चोळणाऱ्या बाईकडे जाऊन आल्या होत्या. मी बायोप्सी म्हटलं, तर त्यांनी काय झालंय हे विचारलंच नाही. “पिला, डॉक?” किती पडतील? इथे रोज पहिला प्रश्न हाच असतो.

इथे विमा नाही असं नाही, बाबा. २०१९च्या कायद्याने प्रत्येक फिलिपिनो माणूस आपोआप फिलहेल्थचा, म्हणजे सरकारी आरोग्यविम्याचा, सभासद झाला. स्तनाच्या कर्करोगाचं पॅकेज २०२४ मध्ये १ लाख पेसोंवरून १४ लाखांपर्यंत नेलं. सरकारी हॉस्पिटलांत मालासाकिट सेंटर असतं. तिथे फिलहेल्थ, आरोग्य खातं, समाजकल्याण खातं आणि चक्क सरकारी लॉटरीवाले, सगळ्यांची मदत एकाच ठिकाणी मागता येते. बिलं भागून माणसं घरी जाताना मी पाहिली आहेत. पण हे सगळं आजार कळल्यावरचं. कळेपर्यंतचं जीपनीचं (इथल्या शेअर गाडीचं) भाडं आणि बुडालेला दिवस ज्याचा त्याच्या पदरचा. रोजच्या विक्रीवर चूल पेटते ते घर न दुखणाऱ्या गाठीसाठी धंदा बंद ठेवत नाही. आणि सुरुवातीला ती बहुतेक वेळा दुखतच नाही, तिथेच घात होतो.

मग उरतं ‘फाइव्ह-सिक्स’. पाच घ्यायचे, सहा फेडायचे. हे कर्ज देणारे बरेचसे आपल्याकडचे पंजाबी, मोटरसायकलवरून वसुलीला फिरतात. लोक त्यांना ‘बुम्बाय’ म्हणतात, बॉम्बेवरून. मग सगळेच भारतीय बुम्बाय. मी भारतातली आहे हे कळल्यावर त्या बाईंनी माझ्या हातातला हात हळूच काढून घेतला. अशी दोन कर्जं डोक्यावर होती त्यांच्या. मला काय बोलावं सुचेना. नुसती शेजारी बसून राहिले.

आई, तू का थांबली आहेस ते मला कळतं. माझी फी. तर ऐक, या सहामाहीची फी महिनाभर उशिरा भरायचं मी कॉलेजशी बोलून ठरवलंय. त्या पैशातून मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी करून घे, आणि डॉक्टर म्हणाले तर बायोप्सीसुद्धा. बऱ्याच गाठी साध्या निघतात, पण ते हाताने चाचपून ठरत नाही. मावशीच्या वेळी आपण किती उशीर केला, आठवतंय ना?

बाबा, तिला एकटीला पाठवू नका, ती दारातून परत येईल. या गुरुवारी रजा काढून तुम्ही सोबत जा आणि रिपोर्टचा फोटो मला लगेच पाठवा, कितीही वाजले असले तरी.

त्या बाईंचा रिपोर्ट मंगळवारी यायचा आहे.

तुमची,
मनू