आवाहन : जनावरांच्या रक्ततपासणीसाठी मायक्रोस्कोप आणि सेंट्रिफ्यूज हवे आहे

समस्त पशुपालक बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला, म्हणून घाईने लिहीत आहे. मंडळाच्या तपासणी खोलीतल्या मायक्रोस्कोपच्या शंभर पट मोठं दाखवणाऱ्या लेन्सला बुरशी धरली आहे. गोमाश्या उठल्या की सर्रा, म्हणजे त्यांच्या चाव्यातून जनावरांच्या रक्तात जंतू शिरून येणारा तापाचा रोग, आलाच.

ही खोली आटपाडी तालुक्याचं भूषण आहे. जागा थोरल्या वाड्याने दिली. परमुलखात राबणाऱ्या आपल्या गलाई (सोनं-चांदी गाळणाऱ्या) बांधवांनी दिवाळीला गावी आल्यावर पत्रे आणि फरशी घालून दिली. मास्तरांनी पेन्शनीतून मायक्रोस्कोप घेतला, बचत गटाच्या भगिनींनी फ्रिज दिला. निवृत्त पशुधन पर्यवेक्षक तात्या आजही एक पैसा न घेता बसतात. खरसुंडीच्या यात्रेत खिलार खोंडांचं रक्त तपासायला आपलंच टेबल होतं. या सर्वांचे ऋण फिटणारे नाहीत.

जनावर तापलं की तात्या कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचेवर घेतात. ताज्या थेंबात सर्ऱ्याचा जंतू वळवळत तांबड्या पेशींना ढुसण्या देताना दिसतो. जिम्सा या रंगद्रव्याने रंगवला की शेपटीसकट ओळखू येतो. पण ताप उतरला की एका काचेत सापडेलच असं नाही. तेव्हा बारीक काचनळीत रक्त फिरवून पांढऱ्या पेशींच्या थराजवळ शोधावं लागतं, त्यासाठी सेंट्रिफ्यूज पाहिजे. नुसत्या अंदाजाने गोचीडतापाची इंजेक्शनं देत बसलो तर म्हैस हातची जाते, सर्ऱ्याचं औषध वेगळं आहे.

आफ्रिकेत त्सेत्से माशीमुळे माणसांना होणाऱ्या निद्रारोगाचा जंतू याच ट्रिपॅनोसोमा कुळातला. तिथेही रक्तात, मानेच्या गाठीतल्या पाण्यात आणि पाठीच्या मणक्यातल्या पाण्यात तो असाच शोधतात. आपल्याकडचा सर्रा सहसा माणसाला होत नाही, तरी 2004 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात हाच जंतू सापडला होता.

गेल्या वर्षीही पत्रक काढलं होतं. मंडपाला, वाजंत्रीला वर्गणी देणारे हात या खोलीपाशी का आखडले, याचं वाईट वाटलं. ज्यांची जनावरं इथेच वाचली, त्यांतलेही काही फिरकले नाहीत.

एकूण खर्च सव्वा लाख, जमा चाळीस हजार. रोख किंवा चेक मंडळाच्या कार्यालयात, बाजारादिवशी दुपारपर्यंत, पावती लगेच. काचपट्ट्या, जिम्सा, रक्ताच्या नळ्या वस्तुरूपानेही चालतील. मृग निघायच्या आत द्यावे.

आपला,
सचिव, पशुपालक मंडळ