हनी इराणींची ओळख त्यांच्या लेखणीवरून करून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला हिंदी चित्रपटांच्या पटकथालेखकांवरचा लेख दोनदा वाचला. लेख मेहनतीने लिहिलेला आहे. सलीम-जावेद जोडीला त्यात सर्वांत जास्त जागा मिळाली आहे आणि ते योग्यच आहे. ‘जंजीर’च्या पोस्टरांवर लेखकांची नावं नव्हती, तेव्हा माणूस लावून मुंबईभरच्या पोस्टरांवर ती रंगवून घेणारे हे दोघं. लेखकाला मान मिळाला पाहिजे, हे त्यांनी या धंद्याला भांडून शिकवलं.

पण त्याच लेखात हनी इराणी हे नाव एकदाच येतं. जावेद अख्तर यांच्या पहिल्या पत्नी, झोया आणि फरहान यांच्या आई. पुढे पूर्णविराम. पटकथालेखकांवरच्या लेखात एका पटकथालेखिकेची ओळख अशी झालेली पाहून फार वाईट वाटलं, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

हनी इराणी कॅमेऱ्यासमोर आल्या त्या अगदी लहानपणी. १९५९ चा ‘चिराग कहाँ रोशनी कहाँ’, १९६२ चा ‘बॉम्बे का चोर’ हे त्यांचे बालकलाकार म्हणून गाजलेले चित्रपट. थोरली बहीण डेझी इराणी तर त्याआधीच घराघरांत पोचलेली. त्या काळी पडद्यावरचा गोंडस मुलगा म्हणजे पुष्कळदा शर्ट-चड्डी घातलेली डेझीच असायची. माझी आई सांगायची, की ही मुलगी आहे यावर आमच्या वाड्यात बरेच दिवस कुणाचा विश्वास बसला नव्हता. पुढे १९७२ च्या ‘सीता और गीता’मध्ये हनी तरुण भूमिकेत दिसल्या. त्या चित्रपटाच्या लेखनात सलीम-जावेद होते. त्याच वर्षी हनी आणि जावेद यांचं लग्न झालं. नंतर दोन मुलं झाली आणि काही वर्षांनी दोघं वेगळे झाले. त्यांच्या घरगुती आयुष्याबद्दल वर्तमानपत्रांनी एवढं छापलं आहे, की मी त्यात भर घालणार नाही.

मला सांगायचं आहे ते १९९१ पासूनचं. ‘सीता और गीता’ला तोवर जवळजवळ वीस वर्षं झाली होती. अभिनेत्री म्हणून लोक त्यांना विसरत चालले होते. आणि यश चोप्रांचा ‘लम्हे’ आला. कथा हनी इराणी यांची, पटकथा त्यांची आणि राही मासूम रझा यांची, संवाद रझांचे. मी तेव्हा नव्याने शाळेत शिकवायला लागले होते. आम्ही तिघी शिक्षिका शनिवारी शाळा सुटल्यावर नाशिकच्या थिएटरात गेलो. अर्धं थिएटर रिकामं होतं. मध्यंतरानंतर मागच्या रांगेतलं एक कुटुंब उठून गेलं. परतीच्या वाटेवर आमचंही जोरात वाजलं. आईवर प्रेम केलेल्या माणसावर मुलीनं प्रेम करायचं, हे आमच्यातल्या एकीला अजिबात पटलं नव्हतं. देशात तो चित्रपट चालला नाही. पण फिल्मफेअरचा उत्कृष्ट कथेचा पुरस्कार हनी इराणींना मिळाला.

‘लम्हे’ मी नंतर किती वेळा पाहिला, याचा हिशेब नाही. आता त्यातलं लेखन दिसतं. विरेन पल्लवीवर जीव लावून बसतो, पण तिनं त्याला कसलंच वचन दिलेलं नाही. तिचं मन आधीच दुसऱ्याकडे आहे. गैरसमज त्याचा, दुःखही त्याचं, आणि पटकथा त्याचा दोष पल्लवीच्या माथी मारत नाही. त्या काळच्या चित्रपटांत हे किती दुर्मीळ होतं, हे माझ्या वयाच्या बायकांना सांगायला नको. पुढे पल्लवीची मुलगी पूजा मोठी होते आणि स्वतः बोलते. तिला काय हवं आहे, हे तिच्याऐवजी कुणी ठरवत नाही. आणि वहीदा रहमान यांची दाईजा! नायक-नायिकेच्या मध्ये एका वयस्क बाईला इतकं स्वतःचं वजन असलेलं काम द्यायचं, हे मला एका नटीचंच शहाणपण वाटतं. लहानपणापासून सेटवर वाढलेल्या माणसाला ठाऊक असणार, की कोपऱ्यात उभ्या असलेल्या कलाकारालाही धरून उभं राहायला काहीतरी लागतं.

१९९३ मध्ये त्यांचे ‘डर’ आणि ‘आईना’ आले. ‘आईना’ लोक विसरले, पण मला तो आवडतो. थोरली रोमा सिनेमात जायचं म्हणून लग्नाच्या दिवशी निघून जाते आणि तिच्या जागी धाकटी रीमा बोहल्यावर उभी राहते. मग थोरली परत येते. एका घरातल्या दोन बहिणींमधला मत्सर किती बारकाईने लिहिला आहे! अमृता सिंगला त्या वर्षी सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर मिळाला, त्यात त्या कागदावरच्या रोमाचाही वाटा होताच. ‘डर’बद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. फोनची घंटा वाजली की दचकणारी, पडदे ओढून घेणारी किरण मला खरी वाटली. पण प्रेक्षक तिच्याऐवजी तिचा पिच्छा पुरवणाऱ्या राहुलसाठी हळहळत बाहेर पडले, त्याचं नाव घेऊन माझ्या वर्गातली मुलं मुलींच्या मागे हिंडायला लागली. याची जबाबदारी लेखिकेवर किती, दिग्दर्शकावर किती आणि आपल्या सगळ्यांवर किती, हे मला अजून उलगडलेलं नाही. पण एखाद्या लेखिकेला मान द्यायचा, तर तिच्या कामाशी असं भांडताही आलं पाहिजे.

२००० साली ‘कहो ना प्यार है’च्या लेखनात त्या होत्या आणि त्याच वर्षी त्यांच्या कथेवरचा, कुंदन शहांनी दिग्दर्शित केलेला ‘क्या कहना’ही आला. लग्नाआधी दिवस गेलेली कॉलेजातली प्रिया, तिला आधी घराबाहेर काढणारे आणि मग परत घेऊन येणारे वडील, तिची टिंगल करणारं नाटक बसवणारे सहाध्यायी. आणि शेवटी मुलाचा बाप राहुल लग्नाला तयार होऊन समोर उभा असताना ती त्याला नाकारते. माझी मुलगी तेव्हा लहान होती, तिला घरी ठेवून मी एकटी गेले होते. ती कॉलेजात गेल्यावर मीच तिला तो चित्रपट दाखवला. आमच्या घरात ज्या विषयावर कधी तोंड उघडलं गेलं नव्हतं, त्यावर आम्ही दोघी त्या रात्री जेवण झाल्यावर बराच वेळ बोललो. या कथेसाठीही त्यांना फिल्मफेअर मिळाला. पुढे २००३ मध्ये ‘अरमान’ त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला. ‘कोई मिल गया’ आणि ‘क्रिश’च्या लेखकांतही त्यांचं नाव आहे. ‘कोई मिल गया’तला परग्रहावरचा जादू आवडणाऱ्या माझ्या नातवाला हे मी मुद्दाम सांगून ठेवलं आहे.

आपल्याकडे सचिन पिळगावकर ‘हा माझा मार्ग एकला’मधला लहान मुलगा म्हणून आले आणि पुढे दिग्दर्शक झाले, ही गोष्ट आपण किती कौतुकाने सांगतो. सांगायलाच हवी. मग बालकलाकार ते पटकथालेखिका ते दिग्दर्शिका हा प्रवास सांगताना आधी नवऱ्याचं आणि मुलांचं नाव का लागतं? मराठीत आज मधुगंधा कुलकर्णी यांच्यासारख्या अभिनय आणि लेखन दोन्ही करणाऱ्या बाई आहेत, ‘एलिझाबेथ एकादशी’सारखी कथा त्यांनी दिली. उद्या त्यांच्यावर लिहिताना तरी सुरुवात कथेपासून व्हावी, असं मनापासून वाटतं.

आपल्याला एक विनंती आहे. पुरवणीत हनी इराणींची सविस्तर मुलाखत छापावी आणि ती फक्त लेखनाबद्दल असावी. त्या कागदावर आधी काय लिहितात, पात्र की प्रसंग? निर्माते-दिग्दर्शकांच्या खोलीत पहिली कथा ऐकवताना समोरचे त्यांना लेखिका म्हणून ऐकत होते का? ‘लम्हे’ पडला तेव्हा त्यांनी पुढची कथा लिहायला कधी घेतली? आणि मला स्वतःला एकच विचारायचं आहे, की ‘क्या कहना’तल्या प्रियाने राहुलला नाकारायचं, हे कथा सुचली तेव्हाच ठरलं होतं, की लिहिता लिहिता प्रियानेच ते त्यांना सांगितलं?

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नाशिक