सूचना : वाद्य पार्सलने पाठवण्यापूर्वी
सर्व सभासदांना नमस्कार. पावसाळा ओसरतोय, घरोघरच्या बैठकी सुरू होतील आणि आपण एकमेकांना वापरायला देतो ती वाद्यं इकडून तिकडे जाऊ लागतील. पाठवण्याआधी एवढं जरूर वाचा.

सर्वांत जपायचा तो तानपुरा. आपल्याकडचे बहुतेक तानपुरे मिरजेचे, खऱ्या भोपळ्याचे. जोराचा धक्का बसला की तडा जातो. चारही तारा सैल करा, काढू मात्र नका. तारा ढिल्या पडल्या की जवारीचे दोरे (घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारांखाली घातलेले बारीक दोरे) निसटतात, ते पाकिटात घालून दांडीला बांधा. घोडीवर सुती कापडाची घडी ठेवा. भोपळा आणि दांडी जिथे जुळतात तिथे जुनी गोधडी गच्च भरा. खोका हलवून बघा, आत काही सरकलं तर पुन्हा बांधा.

पेटीचा भाता मिटून कडी लावा. तबल्याच्या शाईला (पुडीवरच्या काळ्या गोलाला) ओल लागू देऊ नका.

जाण्या-येण्याचा खर्च मागवणाऱ्याचा. खोका उघडतानाचे फोटो ग्रुपवर टाका, म्हणजे नुकसान कुठे झालं यावरून कटुता येत नाही.

तार तुटली तर नवी चढवूनच पुढे पाठवा. घोडी मात्र घासू नका. जवारी काढणं, म्हणजे घोडी घासून तारांचा आवाज नीट करणं, हे कारागिराचंच काम आहे.