भगंदराची नाडी आणि ‘एका दिवसात मुक्ती’

संपादक महोदय,

‘मूळव्याध, फिशर, भगंदर : लेझरने एका दिवसात कायमची मुक्ती’ अशा जाहिराती एसटी स्थानकाच्या भिंतीपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे दिसतात. तीन निराळ्या दुखण्यांची अशी मोट बांधली, की तिन्हींवर इलाज एकच असे रुग्णाला वाटते. मूळव्याध म्हणजे फुगलेले कोंब, फिशर म्हणजे चीर. भगंदर ही पू वाहणारी नाडी, म्हणजे नळीसारखी वाट आहे. तिचे एक तोंड गुदमार्गाच्या आत, दुसरे बाहेर कातडीवर, आणि मधली वाट बहुधा शौचावर ताबा ठेवणाऱ्या स्नायूंतून जाते. सगळी अडचण या मधल्या वाटेची आहे.

सुरुवात बहुतेकदा गळवाने होते. गुदद्वाराच्या कडेपासून साधारण 2 सेंटिमीटर आत बारीक ग्रंथी असतात. एखादी तुंबली की पू साठतो, ठणका लागतो, बसवत नाही. गळू फुटले किंवा चिरले की आराम पडतो. पण साधारण तिघांतल्या एकाचे आतले तोंड मिटत नाही. मग बाहेरची पुळी सुकते, पुन्हा फुगते, कपड्याला डाग लागतो. अशा वेळी अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स घेऊन नाडी जात नाही.

नाडी वरवरची असेल तर ती उघडी करून जखम तळातून भरू देणे हा सरळ, खात्रीचा उपाय. त्यात जास्त स्नायू सापडत असेल तर तेच ऑपरेशन अंगाशी येते : आधी गॅस, मग पातळ शौच रोखता येत नाही. स्त्रियांमध्ये पुढच्या बाजूचा स्नायू मुळातच आखूड असतो, बाळंतपणात फाटलेलाही असू शकतो. तिथे चाकू फार जपून चालवावा लागतो. अशा रुग्णांत आधी सैल दोरा घालून पू वाहता ठेवतात. पुढे स्नायूंच्या दोन थरांमध्ये नाडी बांधून तोडण्याची ‘लिफ्ट’ शस्त्रक्रिया करता येते. ती 2007 मध्ये थायलंडमधून पुढे आली. लेझर नाडी आतून जाळते, स्नायू वाचतो, हे खरे. पण ती बरी होण्याचे प्रमाण साधारण 60 ते 70 टक्के आहे. जाहिरातीत हा आकडा का नसतो?

क्षारसूत्राला, म्हणजे नाडीत घालायच्या आयुर्वेदातल्या औषधी दोऱ्याला, नाके मुरडणारेही कमी नाहीत. लिननच्या दोऱ्यावर 21 लेप : 11 निवडुंगाच्या चिकाचे, 7 चिकासह आघाड्याच्या क्षाराचे, 3 चिकासह हळदीचे. दर आठवड्याला दोरा बदलतात. नाडी कापत जाते आणि मागून भरत येते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत वर्षभरात भगंदर उलटण्याचे प्रमाण क्षारसूत्रात 4 टक्के, शस्त्रक्रियेत 11 टक्के होते. भरून यायला मात्र 4 ऐवजी 8 आठवडे लागले, आणि दोरा बदलताना दुखते तेही खरेच.

भगंदर उलटतो तो बहुधा आतले तोंड न सापडल्याने, नाडीचा फाटा मागे राहिल्याने किंवा नाडी शोधायची सळई जोराने घालून नवीच वाट पाडल्याने. म्हणून आधी ऑपरेशन झालेले असेल किंवा बाहेर एकाहून अधिक तोंडे असतील, तर एमआरआय काढल्याशिवाय टेबलावर जाऊ नये. नाडीचा तुकडा तपासायला पाठवाच. आपल्याकडे क्षयरोग असा लपून बसतो आणि मग कितीही ऑपरेशने केली तरी जखम भरत नाही. आतड्याच्या क्रोन्स आजाराचेही तसेच. मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात आणावी.

ऑपरेशननंतर दिवसातून 2-3 वेळा, आणि शौचानंतर तर नक्कीच, 10 ते 15 मिनिटे कोमट पाण्यात बसावे. पाण्यात डेटॉल ओतू नये, कातडी भाजते. शौचाच्या भीतीने जेवण तोडण्यापेक्षा रात्री इसबगोल आणि भरपूर पाणी घ्यावे. जखम वरून मिटली आणि आत पोकळी राहिली तर पू पुन्हा साठतो. म्हणून बरे वाटले तरी ड्रेसिंग आणि तपासणी चुकवू नये. ताप, वाढता ठणका किंवा लघवी अडणे यासाठी पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

– एक सर्जन, सांगली