भिंतीला भिंत, तरी इंटरनेटचा वेग वेगळा का? केंद्रीय दळणवळण मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय दळणवळण मंत्री,
भारत सरकार,
संचार भवन, नवी दिल्ली.

महोदय,

सांगलीत आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून असलेली दोन घरे आहेत. दोघांचा प्लॅन १०० एमबीपीएसचा, महिन्याचे बिलही सारखेच. रात्री नऊच्या सुमारास एका घरात जवळजवळ पूर्ण वेग मिळतो आणि दुसऱ्या घरातल्या मुलीचा ऑनलाइन क्लास अडकत अडकत चालतो. तक्रार नोंदवली की उत्तर ठरलेले: राउटर बंद करून पुन्हा चालू करा. मी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालो, त्यामुळे शेजारी माझ्याकडे येऊन विचारतात की असे का होते. याचे कारण शोधता येते, आणि सेवा देणाऱ्या कंपनीला तर ते शोधावेही लागत नाही, तिच्या नोंदवहीत ते असते. कनेक्शन विकताना ग्राहकाला ते सांगण्याचे बंधन मात्र तिच्यावर नाही. ते बंधन आपण घालावे, एवढ्यासाठी हे पत्र.

तांब्याच्या तारेच्या काळात वेग अंतरावर ठरायचा. एडीएसएल २ प्लस या टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट देणाऱ्या तंत्राचा कागदावरचा कमाल वेग २४ एमबीपीएस, पण एक्स्चेंजपासून लांब जावे तसा तो घसरत जाई आणि चार-पाच किलोमीटरवर त्यातले फारसे काही उरत नसे. हे अंतर रस्त्याने मोजायचे नाही, केबलने मोजायचे. दोन शेजाऱ्यांच्या तारा वेगवेगळ्या डीपी बॉक्समधून (घरोघरी तारा वाटणाऱ्या पेटीतून) आलेल्या असल्या, की एकाची सरळ यायची आणि दुसऱ्याची अख्ख्या पेठेला वळसा घालून. पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरले की फोनवर खरखर आणि इंटरनेट रडतखडत. तेव्हा निदान कारण सांगता येत होते आणि लोकांना ते पटतही होते.

आता सगळीकडे फायबर. काचेच्या तारेत साधारण वीस किलोमीटरपर्यंत अंतरामुळे वेग कमी होत नाही. म्हणजे शेजारी-शेजारी फरक पडायला नको. तरीही पडतो, आणि त्याचे पहिले कारण असे की फायबर म्हणून विकलेली प्रत्येक जोडणी घरापर्यंत फायबर नसते. पुष्कळ ठिकाणी फायबर खांबावरच्या किंवा जिन्याखालच्या डब्यापर्यंत येते आणि पुढे गच्चीवरून साधी लॅन केबल ओढलेली असते. डब्यातला स्विच जुना असेल तर १०० एमबीपीएसच्या वर काही जाऊच शकत नाही. केबलमधल्या तारांच्या चारपैकी दोनच जोड्या जोडल्या असतील तरी मर्यादा तीच. लॅन केबल १०० मीटरपर्यंत वापरायची असते, ती त्याहून लांब ओढली की डेटा वाटेत गळू लागतो. त्या डब्याची वीज गेली की घरात इन्व्हर्टर असूनही इंटरनेट बंद. शेजारच्या घरात मात्र फायबर थेट भिंतीवरच्या ओएनटीत, म्हणजे फायबर जिथे संपते त्या घरातल्या यंत्रात, गेलेले असते. दोन्ही ग्राहकांच्या पावतीवर शब्द एकच: फायबर.

दुसरे कारण मोठे आहे, आणि त्याबद्दल ग्राहकाला कुणी कधीच सांगत नाही. आपल्याकडे बहुतेक घरगुती फायबर जीपॉन तंत्रावर, म्हणजे एकच फायबर अनेक घरांत वाटून, चालते. ऑपरेटरकडच्या ओएलटी या मुख्य यंत्राच्या एका पोर्टमधून सुमारे २.५ जीबीपीएस (म्हणजे २,५०० एमबीपीएस) निघतात आणि स्प्लिटर या वाटप करणाऱ्या डबीतून ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण जोर लावला तर प्रत्येकाच्या वाट्याला ७८ एमबीपीएसच्या आसपास येतात, ६४ घरे असतील तर ३९. सगळे एकाच वेळी जोर लावत नाहीत, म्हणून वाटून विकण्यात मला काहीही गैर वाटत नाही. जगभर असेच चालते. पण एका शेजाऱ्याचे कनेक्शन नव्या स्प्लिटरवर आठ घरांसोबत असेल आणि दुसऱ्याचे जुन्या, गच्च भरलेल्या स्प्लिटरवर, तर दोघांना सारखेच पैसे भरून सारखी वस्तू मिळत नाही.

त्याही मागे आणखी एक अडचण असते, आणि माझ्या मते छोट्या शहरांतला खरा घोळ तिथेच आहे. गल्लीतल्या केबलवाल्याचे ओएलटी मोठ्या कंपनीच्या जाळ्याला ज्या लिंकने जोडलेले असते, ती केवढी आहे? समजा ती १ जीबीपीएसची आहे आणि तिच्यावर १०० एमबीपीएसची तीनशे कनेक्शने विकली आहेत. मग घरातला राउटर कितीही महागाचा आणा, संध्याकाळी आठनंतर उपयोग शून्य. पलीकडच्या घराने दुसऱ्या ऑपरेटरची लाइन घेतलेली असते आणि त्याची लिंक मोकळी असते, एवढाच काय तो फरक. पहाटे सहाला पूर्ण वेग आणि रात्री नऊला चौथाई असे रोज होत असेल, तर दोष राउटरचा नाही. हे हेल्पलाइनवरच्या माणसाला माहीत नसेल, पण ऑपरेटरला नक्की माहीत असते.

ग्राहकाने स्वतः मोजून पाहावे, तर तिथेही फसगत होते. वेग मोजणाऱ्या ॲपचा सर्व्हर पुष्कळदा त्याच कंपनीच्या जाळ्यात असतो. मोठ्या व्हिडिओ कंपन्यांचे साठेही तिथेच जवळ ठेवलेले असतात. त्यामुळे चाचणीत आकडा झकास येतो, सिनेमा सुरळीत चालतो, आणि पुण्यातल्या ऑफिसच्या सर्व्हरवर घरून काम करणारी सून मात्र हैराण होते. तिची तक्रार खरी असते, पण सिद्ध करता येत नाही.

घरातला वायफाय हेही कारण असते, ते मी नाकारत नाही. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी जेमतेम तीन चॅनेल आहेत आणि एका अपार्टमेंटमध्ये वीस-पंचवीस राउटर. पण हे तपासायला लॅपटॉप केबलने ओएनटीला जोडून पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे न देता प्रत्येक तक्रार ग्राहकाच्या भिंतींवर ढकलली जाते.

सरकारने काही केले नाही असे मी म्हणणार नाही. ब्रॉडबँडची किमान मर्यादा २००४ मध्ये २५६ केबीपीएस होती, २०१३ मध्ये ती ५१२ झाली आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस. २०१८च्या राष्ट्रीय डिजिटल दळणवळण धोरणात प्रत्येक नागरिकाला ५० एमबीपीएस देण्याचे उद्दिष्ट २०२२ सालासाठी लिहिले होते. सेवेच्या गुणवत्तेचे ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. पण सेवेचे मोजमाप परिमंडळावर, म्हणजे साधारण राज्याएवढ्या सेवाक्षेत्रावर, होते. आमच्या महाराष्ट्र परिमंडळात गोवाही येतो, मुंबई तेवढी वेगळी. गडचिरोलीपासून गोव्यातल्या काणकोणपर्यंतच्या सरासरीत माझ्या गल्लीतले दुसरे घर कुठे दिसणार? मोबाइल कंपन्यांना कुठे कोणते नेटवर्क पोचते याचे नकाशे प्रसिद्ध करायला ट्रायने लावलेच ना? मोबाइलबाबत जे शक्य झाले, ते तारेबाबत अशक्य नाही. उलट तारेचे काम सोपे आहे, कारण घर जागचे हलत नाही.

ब्रिटनमध्ये ऑफकॉम या तिथल्या नियामक संस्थेच्या संहितेनुसार, ती स्वीकारलेल्या कंपन्या विक्रीच्या वेळीच त्या पत्त्यावर गर्दीच्या तासांत किती वेग मिळेल आणि किमान किती, हे सांगतात. किमान वेग मिळाला नाही तर सुधारायला ३० दिवस, नाहीतर ग्राहक दंड न भरता मोकळा. २०१९ पासून हे चालू आहे. अमेरिकेत २०२४ पासून प्रत्येक प्लॅनसोबत वेग, विलंब (डेटा जायला-यायला लागणारा वेळ) आणि दराची ठरीव माहितीपट्टी द्यावी लागते.

आपल्याकडे पैसे घेण्याआधी त्या पत्त्यासाठी चार गोष्टी मराठीत लेखी द्यायला लावा: फायबर घरापर्यंत आहे की डब्यापर्यंत, स्प्लिटरवर किती घरे आहेत, रात्री आठ ते अकराला किमान किती वेग मिळेल, आणि तो ओएनटीवर केबलने मोजून ३० दिवसांत मिळाला नाही तर अनामत परत. छोट्या केबलवाल्यांवर बोजा पडेल असे कुणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. जो ऑपरेटर लिंक वेळच्या वेळी वाढवतो, त्याला आज त्याचा काहीच फायदा होत नाही, कारण जाहिरातीत सगळेच १०० लिहितात. ही माहिती उघड झाली तर पहिला फायदा त्यालाच होईल. आणि फायबरमधला प्रकाश मोजणारा पॉवर मीटर घेऊन खांबावर चढणारी जी मुले आज लोकांच्या शिव्या खातात, त्यांना खरे उत्तर देता येईल.

यासाठी नवा कायदा लागणार नाही. ट्राय अधिनियम, १९९७ च्या कलम २५ नुसार केंद्र सरकार प्राधिकरणाला धोरणात्मक निर्देश देऊ शकते. तसा निर्देश आपण द्यावा, आणि त्यावर ट्राय जेव्हा हरकती-सूचना मागवेल तेव्हा त्या मराठीतही स्वीकाराव्यात. आमच्या गल्लीची माहिती, कुठल्या खांबावरून कुठल्या घरात काय गेले आहे याच्या आराखड्यासह, मी पाठवायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त टेलिफोन कर्मचारी,
सांगली