त्रैक्याबद्दल विचारलंस म्हणून

कोल्हापूर,
रविवार दुपार

चि. रूथ,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

परवा फोनवर एका दमात चार प्रश्न टाकलेस आणि मेसची वेळ झाली म्हणून ठेवून दिलास. खोलीतली एक मैत्रीण म्हणते, त्रैक्य हा शब्द बायबलमध्ये दाखव. दुसरी म्हणते, पिता, पुत्र, आत्मा ही एकट्या येशूचीच नावं, तेव्हा तुझा बाप्तिस्मा धरत नाही. शेजारच्या खोलीतली मुस्लिम मुलगी विचारते, देवाला मुलगा कसा? आणि आपल्या शिरोळकडची ती मुलगी म्हणते, म्हणजे आमच्या दत्तासारखंच की! हे फोनवर आटपणारं नाही, म्हणून लिहायला बसले.

त्रैक्य म्हणजे तीन वाक्यं. देव एकच आहे. पिता देव, पुत्र देव, पवित्र आत्मा देव. आणि पिता तो पुत्र नव्हे, पुत्र तो आत्मा नव्हे, आत्मा तो पिता नव्हे. यातलं कुठलंही एक वाक्य काढून टाक, उरलेली दोन मुकाट्याने एकत्र नांदतात. तिसरं काढलं की एकच देव तीन वेषांत येतो. तिसऱ्या शतकातल्या सबेल्याचं नाव या मताला चिकटलं आहे. दुसरं काढलं की पुत्र देवाखालचा होतो. ते चौथ्या शतकातल्या आरियस या पाळकाचं मत. पहिलं काढलं की सरळ तीन देव. म्हणून कुणीही वाद काढला की आधी बघायचं, ही यातलं कुठलं वाक्य सोडते आहे. तुझ्या दोन्ही खोलीमैत्रिणी त्रैक्य नाकारतात, पण एकीला लागू पडणारं उत्तर दुसरीला दिलंस तर ती उलट खूशच होईल.

उपमा देत बसू नकोस. पाणी, बर्फ, वाफ ही संडे स्कूलमध्ये हमखास ऐकायला मिळते, आणि ती शुद्ध सबेल्य आहे: तेच पाणी एका वेळी बर्फही आणि वाफही नसतं. ‘मी कुणाची आई, कुणाची मुलगी, कुणाची बायको’ हीही त्याच माळेतली. बेलाच्या पानात तीन दलं असतात, पण एक दल म्हणजे पूर्ण पान नव्हे. पिता मात्र देवाचा एक तृतीयांश नाही. आपल्या पंचगंगेचंच घे. प्रयाग चिखलीच्या वर कासारी वेगळी, भोगावती वेगळी, प्रत्येकीचं पाणी आपापलं. संगमाच्या खाली पंचगंगेची ओंजळ भरून घेतलीस तर त्यातलं कासारीचं कुठलं आणि तुळशीचं कुठलं, कुणाला सांगता येणार नाही. अथनासीय मतांगीकार, म्हणजे मंडळीत म्हणायचं श्रद्धेचं एक जुनं निवेदन, नेमकं हेच दोन्हीकडून बंद करतो: व्यक्तींची सरमिसळ करू नये आणि तत्त्वाचे तुकडे पाडू नयेत. संगमाच्या वर तुकडे, खाली सरमिसळ. नदीला तिसरी जागा नाही, म्हणून ती उपमा बसत नाही. मात्र उपमा कुठे मोडते ते मुलांना दाखवायला नदी फार उपयोगी आहे.

आता ‘व्यक्ती’ हा शब्द. मराठीत निम्मे घोटाळे इथे होतात. आपण व्यक्ती म्हटलं की डोळ्यांसमोर माणूस येतो, वेगळं डोकं, वेगळी मर्जी. तीन व्यक्ती म्हणजे बाकावर बसलेली तीन माणसं, आणि झाले तीन देव. पण शब्दाची फोड केली तर व्यक्ती म्हणजे जे व्यक्त झालं ते. मग एकच अव्यक्त तीनदा व्यक्त झालं असं वाटतं आणि आपण सबेल्याकडे घसरतो. रोजचा अर्थ एका खड्ड्यात पाडतो, व्युत्पत्ती दुसऱ्या. ग्रीक लोकांची गत याहून बरी नव्हती. तत्त्वासाठी ‘ऊसिया’ आणि व्यक्तीसाठी ‘हुपोस्तासिस’ हे दोन शब्द नंतर वेगळे झाले. आरियसच्या वादावर ३२५ मध्ये बिशपांची नायसिया परिषद भरली, तिच्या निषेधवाक्यात ते एकाच अर्थाने आले आहेत. ३६२ मध्ये अलेक्झांड्रियाच्या सभेत तिथल्या बिशप अथनासियसने दोन्ही बाजूंना विचारलं, तुम्ही ‘एक’ म्हणता ते कशाला आणि ‘तीन’ म्हणता ते कशाला? तेव्हा कळलं की शब्दांवरून भांडणारे पुष्कळ जण मुद्द्यावर एकच होते. लॅटिनमध्ये लिहिणाऱ्या बिशप ऑगस्टीनने तर साफ लिहून ठेवलंय की ‘तीन काय?’ या प्रश्नाला आपण ‘तीन व्यक्ती’ म्हणतो ते गप्प बसावं लागू नये म्हणून. मला हे उत्तर फार आवडतं.

पहिल्या मैत्रिणीला कबूल करून टाक: शब्द बायबलमध्ये नाही. लॅटिनमधला ‘त्रिनितास’ तर्तुल्यन या ख्रिस्ती लेखकाने इ.स. दोनशेच्या आसपास रुळवला. नायसियाचा ‘होमोऊसिऑस’, म्हणजे एकतत्त्व, हाही बायबलमधला नाही, आणि तेव्हाच्या कित्येक बिशपांची हीच तक्रार होती. तो घालावा लागला, कारण बायबलमधला जो शब्द पुढे करावा तो आरियसचे लोक आपल्या अर्थाने मान्य करत. पुत्र म्हणा, हो. देवापासून म्हणा, हो, सगळंच देवापासून आहे. पुढे मधला मार्ग म्हणून ‘होमोइऊसिऑस’, म्हणजे समतत्त्व, निघाला. ग्रीकमध्ये फरक आयोटा या एका अक्षराचा. मराठीत बघ: एकतत्त्व आणि समतत्त्व. तुझ्या आणि माझ्या बांगड्या सारख्या असल्या तरी बांगड्या दोन जोड्याच.

ती मैत्रीण बहुधा पुढे म्हणेल की नायसियात मत टाकून येशूला देव केलं. तसं झालं नाही. आरियससुद्धा पुत्र जगाच्या आधीचा आहे असं मानत होता. वाद होता तो पुत्र घडवलेला की नाही यावर. बायबलात कोणती पुस्तकं घ्यायची हेही तिथे ठरलं नाही. आणि साधारण ११२ साली, म्हणजे दोनशे वर्षं आधी, प्लिनी हा रोमन सुभेदार बादशहाला कळवतो की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. पण आपल्या बाजूनेही फुगवून सांगू नकोस. नायसियाने वाद मिटला नाही, पन्नासहून जास्त वर्षं चालला, अथनासियसला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं, आणि ३२५ चा मतांगीकार ‘आणि पवित्र आत्म्यावर’ एवढं म्हणून थांबतो. आत्म्याबद्दलचा मजकूर ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला आला.

ती यहोवाचे साक्षीदार यांच्याबरोबर अभ्यास करते असं तू म्हणालीस. त्यांच्या मते येशू हा पहिला निर्माण झालेला, म्हणजेच मीखाएल हा देवदूत, आणि आत्मा ही देवाची कार्यशक्ती. योहान १:१ वर ती नक्की येणार. ‘शब्द देव होता’ (शब्द म्हणजे येशू) इथे ग्रीकमध्ये देव या शब्दाला उपपद, म्हणजे इंग्रजीतल्या ‘the’सारखा शब्द, नाही, म्हणून त्यांच्या इंग्रजी भाषांतरात ‘एक देव’ असा अर्थ घेतला आहे. मराठीला उपपदच नसल्यामुळे आपलं बायबल वाचताना हा वाद दिसतसुद्धा नाही. तिला त्याच अध्यायातलं ६ वं वचन दाखव. योहान ‘देवापासून पाठवलेला’, तिथेही उपपद नाही, आणि तिथे कुणी ‘एका देवापासून’ करत नाही. उलट २०:२८ मध्ये थोमा येशूला ‘माझा देव’ म्हणतो, तिथे उपपद आहे. आत्म्यासाठी प्रेषितांची कृत्ये ५:३-४ आणि १३:२ बघ; शक्तीशी कुणी खोटं बोलत नाही, आणि शक्ती ‘माझ्यासाठी यांना वेगळं करा’ म्हणत नाही. ‘तो आत्मा’ असं पुल्लिंग आहे म्हणून व्यक्ती, असं मात्र म्हणू नकोस. ग्रीक शब्द नपुंसकलिंगी आहे आणि हिब्रू स्त्रीलिंगी.

दोन वचनं तू वापरू नयेस. १ योहान ५:७ मधलं ‘स्वर्गात साक्ष देणारे तिघे’ हे जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही. ग्रीक नवा करार छापणाऱ्या एरॅस्मस या विद्वानाने १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत ते घेतलं नव्हतं, १५२२ मध्ये दबावाने घातलं. आणि ‘मी आणि पिता एक आहोत’ यावर एकट्यावर भिस्त ठेवू नकोस, कारण योहान १७:२२ मध्ये शिष्यांसाठीही तोच ‘एक’ आला आहे. तिची जोरदार वचनं म्हणजे ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ आणि मार्क १३:३२, जिथे ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही. मंडळीचं उत्तर असं की तो खरोखर माणूस झाला, आणि माणूस म्हणून हे बोलला. ४५१ मध्ये खल्केदोनच्या परिषदेत येशूच्या दैवी आणि मानवी अशा दोन स्वभावांची मांडणी झाली ती याच वाटेने. उत्तर चालण्याजोगं आहे. मार्कचं वचन तेवढ्याने सोपं होत नाही, हेही खरं.

शेजारच्या मुलीशी बोलताना दोन आक्षेप वेगळे ठेव. कुराणात ५:११६ मध्ये येशू आणि त्याची आई यांना देव मानण्याबद्दल प्रश्न आहे. मरीया कुठल्याही मंडळीच्या त्रैक्यात नाही, एवढं सांगून तो भाग संपतो. पण ४:१७१ चं ‘तीन म्हणू नका’ आणि ११२ व्या सूऱ्यातलं ‘तो जन्म देत नाही, तो जन्मलेला नाही’ हा खरा आक्षेप आहे, तो गैरसमज म्हणून उडवू नकोस. मतांगीकार ‘जन्मलेला, घडवलेला नव्हे’ म्हणतो, त्यात बायको नाही, बाळंतपण नाही, सुरुवातही नाही. प्रकाशापासून प्रकाश, आणि असा क्षणच नाही जेव्हा तो नव्हता. तिला हे पटेलच असं नाही. निदान तुम्ही दोघी त्याच प्रश्नावर बोलत असाल.

शिरोळच्या मुलीचं बोलणं आपल्याकडे कुणीही सहज बोलेल, नृसिंहवाडी तिच्या तालुक्यातच आहे. ब्रह्मा, विष्णू, महेश यांची कामं वाटलेली: उत्पत्ती, स्थिती, लय. त्रैक्यात कामाची वाटणी नाही, निर्मिती असो की तारण, तिघांचं मिळून एकच काम. ‘पित्याने घडवलं, पुत्राने तारलं, आत्मा सांभाळतो’ असं आपल्याच प्रार्थनासभांत म्हणतात ते याच वाटेला जातं. दत्ताचा अर्थ काय हे मात्र तिला तू सांगायला जाऊ नकोस, ते तिच्याकडून ऐक.

आणि शंका घेणाऱ्यांना परकं समजू नकोस. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला, आणि त्यानंतर त्यांनी त्रैक्यावरच्या आपल्या शंका तिथल्या सिस्टरांना आणि चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या प्राचार्या मिस बील यांना पत्रांतून स्पष्ट लिहिल्या. बाई ऐकून मान डोलावणाऱ्यांतल्या नव्हत्याच. जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकायला गेले ते युनिटेरियनांच्या, म्हणजे त्रैक्य न मानणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या मदतीने. प्रार्थना समाजाच्या माणसाला ते घर जवळचं वाटणारच: एक देव, आणि येशू थोर गुरू. बंगालमध्ये तर विल्यम ॲडम हा बॅप्टिस्ट मिशनरी राममोहन रॉयांबरोबर योहानाच्या शुभवर्तमानाचं भाषांतर करायला बसला. सर्व काही ‘त्याने’ झालं की ‘त्याच्या द्वारे’ झालं, या ‘दिआ’ या एका ग्रीक शब्दावर गाडी अडली, आणि १८२१ मध्ये ॲडमसाहेबच युनिटेरियन झाले.

राहिली दुसरी मैत्रीण, आणि तिचा प्रश्न कागदावरचा नाही, कारण तिच्या चर्चमध्ये तुला पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला बोलावतात. ‘फक्त येशू’ म्हणणारा हा प्रवाह अमेरिकेतल्या पेंटेकॉस्टल लोकांत १९१३ नंतर वाढला, आणि १९१६ मध्ये असेंब्लीज ऑफ गॉडने त्रैक्य मान्य करून त्यांच्यापासून फारकत घेतली. त्यांचा आधार प्रेषितांची कृत्ये २:३८, ‘येशू ख्रिस्ताच्या नावाने’. मत्तय २८:१९ मध्ये ‘नावाने’ एकवचनी आहे, म्हणून ते एक नाव येशू, असं ते जोडतात. युक्तिवाद पोकळ नाही. पण अटकेआधी गेथशेमाने बागेत प्रार्थना करताना येशू कुणाशी बोलत होता, या प्रश्नावर ते म्हणतात, मानवी स्वभाव दैवी स्वभावाशी. आणि स्वभाव कधी ‘तू’ म्हणत नाही. योहान १७:५ मध्ये तर जग होण्यापूर्वी ‘तुझ्याजवळ’ असलेल्या वैभवाबद्दल तो बोलतो, तेव्हा मानवी स्वभाव नव्हताच. दिदाखे या फार जुन्या पुस्तिकेच्या ७ व्या अध्यायात पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा द्यायला, आणि तसं पाणी नसेल तर त्याच नावाने डोक्यावर तीनदा पाणी ओतायला सांगितलं आहे.

तुझा बाप्तिस्मा पाण्याने आणि त्या तीन नावांनी झाला आहे. कॅथलिक असोत की प्रॉटेस्टंट, बहुतेक मंडळ्या तो धरतात आणि पुन्हा देत नाहीत. तिच्याशी मैत्री ठेव, सभेलाही जा हवं तर, पण पाण्यात उतरण्याआधी तिच्या पाळकांना विचार की उतरवताना ते नेमके कोणते शब्द म्हणतात, आणि आधीचा बाप्तिस्मा न धरण्याचं कारण शब्द आहे की तो बाळपणी झाला हे. दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. काय म्हणाले ते कळव, मग त्यावर लिहीन.

तुझी आई